आठवी-नववीच्या पोरांना वस्तू घडवायला शिकवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

खडूफळा, ६ जुलै

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. यंदा कार्यानुभवाच्या दोन तासिका माझ्याकडे आल्या आहेत, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, एकाला एक लागून. मुख्याध्यापकांनी मोकळीक दिली आहे. रचना म्हणा, तंत्रज्ञान म्हणा, अभियांत्रिकी म्हणा, पोरांच्या हाताला काहीतरी लागू द्या, असं ते म्हणाले.

शाळेत एक कपाट आहे आणि त्यात तीन वर्षांपूर्वी आलेली पेटी. आर्डुइनोचे (संगणकावरून सूचना भरून चालवायचे छोटे) बोर्ड, सेन्सर, छोट्या मोटारी आणि एक थ्रीडी प्रिंटर. पेटी देणारे एक दिवस येऊन प्रिंटरवर छोटा हत्ती काढून दाखवून गेले, त्यानंतर कोणी फिरकलं नाही. मागच्या वर्षी मी बोर्डावर दिवा लुकलुकवायला शिकवला. पोरं खूश झाली. पुढच्या शनिवारी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, आता याचं काय करायचं?" मी तिला म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

वर्गात ४२ मुलं, त्यात २३ मुली. बहुतेकांच्या घरी कोरडवाहू कापूस आणि तूर. हत्यारं म्हणाल तर दोन करवती, एक हातोडी, पकड, पेचकस आणि एक हातानं फिरवायचं ड्रिल. ज्यांनी असं काही शिकवलं आहे किंवा घडवलं आहे त्यांनी सांगावं, पहिल्या शनिवारी काय करू?

कानस_रंधा, ६ जुलै

सर, पेटी काही दिवस बंदच राहू द्या. मी अमरावती जिल्ह्यात आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो. दहावी होऊन आमच्याकडे येणाऱ्या पोरांनी पट्टी हातात धरलेली असते, पण मोजलेलं फार थोड्यांनी असतं. लाकडी फूटपट्टीला शून्याच्या आधी मोकळी जागा असते आणि पोलादी पट्टीचं शून्य थेट कडेला असतं. एवढ्या एका गोष्टीनं आमच्याकडे पहिल्या महिन्यात कितीतरी लोखंड भंगारात जातं.

म्हणून पहिले चार शनिवार फक्त बघणं, मोजणं आणि कागदावर उतरवणं. गावात कोणाच्या तरी गोठ्यात जुनी लाकडी तिफण (पेरणीचं अवजार) आडवी पडलेली असेलच, ती शाळेत आणा. समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीन चित्रं मापांसकट काढायला लावा. मग विचारा, चाड्याला, म्हणजे बी सोडतात त्या वाटीला, भोकं तीनच का आणि सारख्या अंतरावर का? नळी आतून इतकी गुळगुळीत का? फण कुठल्या बाजूनं जास्त झिजला आहे? ज्या सुतारानं ती घडवली त्यानं यातलं प्रत्येक ठरवून केलं आहे. असं ठरवून करण्यालाच आम्ही डिझाइन म्हणतो.

बंडीचं चाक मिळालं तर सोन्याहून पिवळं. लोखंडी धाव (चाकावरची गोल पट्टी) चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात, गोवऱ्यांच्या आरात तापवतात, फुगली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. आक्रसताना ती पुठ्ठ्या (चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे) आणि आरे असे आवळून धरते की सगळं चाक एकजीव होतं. नववीच्या पोरांना याचं गणित करू द्या. लोखंड तापमानाच्या दर अंशामागे मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. चार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली तर ४ × ५०० × ०.०१२, म्हणजे २४ मिलिमीटर. आता गावातल्या लोहारबाबांना विचारायला पाठवा की धाव किती बोटं कमी ठेवता. त्यांचं उत्तर आणि पोरांचा आकडा एकाच पानावर लिहून घ्या. ते पान पोरं विसरणार नाहीत.

वर्धेकर, ७ जुलै

वरच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. हा विचार आपल्याच मातीत मांडला गेला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. तिथून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. आपण तिची आठवण 'मुलांना सूतकताई शिकवली' एवढीच ठेवतो. खरं सूत्र वेगळं होतं: उद्योग हा आणखी एक विषय म्हणून जोडायचा नाही, उद्योगातून गणित, विज्ञान, भूगोल शिकवायचा. टकळीवर सूत निघालं की त्याची लांबी मोजायची, वजन करायचं, त्यावरून सूत किती बारीक ते काढायचं, कापूस कुठल्या जमिनीत येतो ते बघायचं. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा याच वाटेनं चालू आहे.

सहलीचा खर्च निघत असेल तर पोरांना वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आणा. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्याच हस्ते ते उघडलं. चरखे बघताना पोरांना एवढंच विचारा: या चरख्यात आणि त्या चरख्यात काय बदललं, आणि कोणाच्या कुठल्या त्रासापायी बदललं? मी माझ्या पुतण्याला नेलं होतं, तो एका पेटी चरख्यापुढून अर्धा तास हलला नाही. कातायची सगळी यंत्रणा घडी करून पेटीत मावते आणि प्रवासात नेता येते, हे त्याला तिथे उभं राहून स्वतःला कळलं. मी काही सांगितलं नव्हतं.

निवृत्त_मुख्याध्यापक, ७ जुलै

उत्साह स्तुत्य आहे. पण एकतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव सांगतो, शाळेची पत दहावीच्या निकालावर ठरते. पालक विचारतात, पोरगा सुतारकाम शिकायला शाळेत घातला का? आणि एखाद्याच्या बोटात करवत गेली तर जबाबदारी कोणाची? शिवाय गुण कशाला देणार? चांगलं दिसणारं मॉडेल बहुतेक वेळा घरच्या मोठ्यांनी केलेलं असतं. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी बघून बघून माझे डोळे थकले आहेत.

गणितबाई, ८ जुलै

सर, तुमचा शेवटचा मुद्दा मला अगदी पटतो, म्हणूनच उत्तर देते. मी वाशीम जिल्ह्यात गणित शिकवते आणि दोन वर्षं असे तास घेतले आहेत. गुण वस्तूला देऊ नका, वहीला द्या. माझा नियम असा: वहीत खोडरबर चालणार नाही. पहिलं चित्र चुकलं तर त्याच्यावर एक रेघ मारायची, बाजूला का चुकलं ते लिहायचं आणि पुढच्या पानावर दुसरं काढायचं. घरच्या मोठ्यांना वस्तू करून देता येते, पण चुकांची सहा पानं त्यांना लिहून देता येत नाहीत. ज्या मुलाचं पहिलं आणि चौथं चित्र वेगळं आहे आणि वेगळं का ते त्याला सांगता येतं, त्याला पूर्ण गुण. वस्तू मोडकी असली तरी.

खडूफळा सर, दुसरी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. गट पाडले की मुलं करवत उचलतात आणि मुली वही उचलतात. कोणी सांगत नाही, तसं आपोआप होतं. मी तीन कामं ठरवली: माप, हत्यार, वही. दर शनिवारी कामं फिरतात, कोणाला सुटका नाही. पहिल्या महिन्यात एका मुलीनं ड्रिल हातात घेतलं आणि ती रडायलाच लागली, मोडलं तर घरी काय सांगू म्हणून. तिला मी जुन्या फळीवर वीस भोकं पाडायला दिली. दहाव्यानंतर तिनं मान वर केली नाही, काम करत राहिली. मला आजही ती पाठमोरी दिसते.

बोटात करवत जाईल ही भीती खरी आहे. त्यासाठी एकच सांगते: कापायची वस्तू हातात धरून कापायची नाही, शिकंजा किंवा क्लॅम्पमध्ये धरायची. ओढणी, मोकळे केस, बांगड्या आवरून घ्यायच्या. ग्राइंडर पोरांच्या हाती अजिबात नाही.

मेहकर_ते_पुणे, ८ जुलै

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, पुण्यात गाड्यांच्या भागांचं डिझाइन करतो. पेटीबद्दल थोडं. असे बोर्ड आणि प्रिंटर शाळांत पोहोचले त्यात २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेचा वाटा मोठा आहे. त्यात सहावी ते बारावीसाठी शाळेला २० लाखांपर्यंत मदत मिळते, १० लाख उभारणीला आणि बाकीची पुढच्या पाच वर्षांत चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी अशा ५० हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे तुमच्यासमोर जो प्रश्न आहे तो उद्या पुष्कळ शिक्षकांसमोर येणार आहे.

प्रिंटरची काळजी: त्यात बहुधा पीएलएचं प्लॅस्टिक असेल. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा शोषतं आणि छपाई बिघडते, म्हणून रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. आणि साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला भाग वाकलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यामुळे शेतात, उन्हात राहणारी वस्तू त्यातून करू नका. साचा, नमुना, एखादी खुंटी यासाठी तो उत्तम. पण पुठ्ठा, बांबू आणि सायकलची ट्यूब यातून जे दोन तासांत करून बघता येतं, त्यासाठी पाच तास प्रिंटर चालवू नये. आमच्या कंपनीतही पहिला नमुना बऱ्याचदा पुठ्ठ्याचाच असतो.

पाबळचा विज्ञान आश्रम ठाऊक असेलच. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग शाळकरी मुलं हातानं शिकतात, आणि शिकता शिकता गावाची खरी कामं करतात. तिथून मला उमगलेलं एवढंच की काम खोटं असेल तर पोरांना ते लगेच कळतं. तुमच्या त्या मुलीनं जे विचारलं ते याचसाठी.

कास्तकार, ९ जुलै

मास्तर, मी शिकलेला कमी, पण वाचून राहिलो. तुम्ही खरं काम विचारता ना, तर मी सांगतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर झाली होती. नळी वर धरून मारा लागे, अन् सगळं अंगावर पडे. माझ्या धुऱ्याला धुरा लागून असलेला एक सालदार महिनाभर दवाखान्यात होता. वाचला, पण त्याच्या डोयाचं तेज गेलं.

तेव्हापासून मास्क देतात, हातमोजे देतात, कोट देतात. कोणी घालत नाही. काहून? भादव्याच्या उन्हात प्लॅस्टिकचा कोट घालून पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन एक तास चालून पाहा, मग समजते. मजुरी पंपाच्या हिशेबानं असते, जितके पंप तितके पैसे. थांबलं की नुकसान. तुमच्या पोट्ट्यांनी यावर डोकं चालवावं. दिवा लुकलुकवून आमचं काय होते?

खडूफळा, ९ जुलै

भाऊ, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या वर्गात निदान दहा मुलांचे बाबा फवारणीला जातात. हाच विषय घेतो. पण पोरांना विषाच्या जवळपासही नेणार नाही. कसं करावं, सुचवा.

कृषी_पदविका, १० जुलै

मी कृषी सेवा केंद्र चालवतो. आधी बंधन सांगतो: फवारणीला वापरलेला पंप कितीही धुतला तरी पोरांच्या हाती द्यायचा नाही. नवा कोरा पंप आणा, साधं पाणी भरा, त्यात कपड्याची नीळ कालवून गाळून घ्या. पांढरा जुना सदरा बुजगावण्याला घाला आणि बघा थेंब कुठे पडतात.

नोझलमध्ये फरक असतो, तो पोरांना दाखवा. कीटकनाशकाला आपण पोकळ शंकूचं नोझल लावतो, त्याचे थेंब बारीक असतात. तणनाशकाला चपट्या पंख्याचं. थेंब जितका बारीक तितका तो वाऱ्यावर लांब जातो. दुसरं, वाऱ्याकडे तोंड करून कधी मारू नये, हे सगळे सांगतात. पण सुरुवात कुठल्या धुऱ्यापासून करायची ते फार कमी जण सांगतात. वारा जिकडे चालला आहे त्या टोकापासून सुरू करायचं, वाऱ्याला आडवं चालायचं आणि एकेक ओळ वाऱ्याच्या उगमाकडे सरकत यायचं. म्हणजे उडालेलं औषध आपण फवारून झालेल्या बाजूला जातं आणि आपण कोरड्या बाजूला राहतो. हे पोरांना सांगू नका. निळीच्या पाण्यानं त्यांचं त्यांना सापडू द्या.

आणि कृपा करून पोरांनी घरी शिवलेला कापडी मास्क 'हा विषापासून वाचवतो' म्हणून कोणाला देऊ नका. कापड वाफ अडवत नाही. खोटा भरवसा उघड्या तोंडापेक्षा वाईट.

गणितबाई, १० जुलै

सदऱ्यावर पेनानं पाच पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखा. छाती, पोट, बाह्या, मांड्या असे भाग पाडून प्रत्येक चौकटीतले ठिपके मोजायचे. सरासरी शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नळीची उंची बदलली तर वारा आणि चाल तीच हवी, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

खडूफळा, १८ ऑगस्ट

उशीर झाला, पण लिहिण्यासारखं साचलं आहे.

जुलैभर तिफण आणि चाक केलं. लोहारबाबा स्वतः शाळेत आले. त्यांनी धाव किती कमी ठेवतात ते बोटांनी दाखवलं, एका मुलानं ती बोटं पट्टीनं मोजली आणि फळ्यावरच्या २४ मिलिमीटरच्या शेजारी लिहिली. दोन आकड्यांत अंतर होतं. मग त्यावरच चर्चा झाली: धाव खरंच पाचशे अंश तापते की जास्त? बाबा म्हणाले, मी रंग बघतो. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून तापमान ओळखता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांनाच नव्यानं कळलं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी वर्गाला पाच-पाचच्या गटांत घरी पाठवलं, फक्त विचारायला. 'तुम्ही कोट का घालत नाही' असं विचारायचं नाही, 'फवारणीचा दिवस सकाळपासून सांगा' असं विचारायचं. हे मुलांना जमेल का अशी धास्ती होती. जे आलं ते माझ्या कल्पनेत नव्हतं. एका काकांनी सांगितलं की पंप भरताना मान खाली असते, तेव्हा तोंडावर जास्त उडतं, फवारताना नाही. एका मुलीची आई म्हणाली, बाबांचे कपडे मी धुते, पण तुम्ही माझं काही लिहून घेतलं नाही. त्या मुलीनं पुन्हा जाऊन आईचं सगळं लिहून आणलं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत एकाच बादलीत भिजतात, ते वेगळे ठेवायला अंगणात जागा नाही. त्या गटानं आता धुऱ्यावर कपडे बदलायची आणि टांगायची खुंटी व झाकणाची वेगळी बादली हाच विषय घेतला आहे. स्त्रियांना विचारायचं राहून गेलं होतं ते माझ्याकडून. पोरींनी भरून काढलं.

काल निळीची पहिली चाचणी झाली. कृषी केंद्रवाल्या दादांनी नवा पंप दिवसभरासाठी दिला. बुजगावणं पाण्याच्या कॅनच्या ढकलगाडीवर बांधलं, नळी त्याच्या हाताला. काठीला कापसाचा पेळू बांधून वाऱ्याची दिशा बघितली. नळी खांद्याच्या वर धरली तेव्हा छाती-पोटावरचे ठिपके मोजताच आले नाहीत, सगळी नीळ एकमेकांत मिसळून गेली होती. सदरा काढून फळ्यावर टांगला तेव्हा वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी बोलत नाही, तो उठून म्हणाला, "हे माया बाबाच्या अंगावर पडते." मी त्या वेळी काही शिकवलं नाही.

दुसऱ्या फेरीत नळी कमरेखाली, वाऱ्याला आडवं. फरक डोळ्यांनी दिसत होता. तिसरी फेरी पावसानं होऊ दिली नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक, १९ ऑगस्ट

सर, माझे शब्द मी मागे घेत नाही, निकालाची चिंता खरी आहे. पण तो सदरा मला बघायचा आहे. जपून ठेवा. आणि या प्रकल्पाची नोंद इन्स्पायर मानकला, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत, करा. निवडलेल्या कल्पनेला १० हजार रुपये मिळतात, पंप आणि नोझल विकत घेता येतील. अर्ज भरायला मदत लागली तर मी बसतो, ते काम मला येतं.

कास्तकार, १९ ऑगस्ट

मास्तर, माया पोरगा दुसऱ्या शाळेत आहे. त्याले वाचून दाखवलं. काल फवाराले गेलो तर तो धुऱ्यावर उभा राहून कापूस उडवून पाहे अन् ओरडे, बाबा तिकून सुरू करा. मी तिकून सुरू केलं. अंग कमी भिजलं, हे खरं सांगतो.

मेहकर_ते_पुणे, २० ऑगस्ट

हे वाचून किती बरं वाटलं. एक तांत्रिक सूचना: पंप भरताना तोंडावर उडतं असं काकांनी सांगितलं, तो धागा सोडू नका. तोंडाशी रुंद, खाली बसकट आणि आत जाळी असलेलं नरसाळं पुठ्ठ्याचं करून बघा, माप जमलं की मग प्रिंटरवर. सावलीत ठेवायची वस्तू आहे, पीएलए चालेल. पण छापलेल्या वस्तूच्या थरांत औषध मुरतं, म्हणून ती फक्त पाण्याच्या चाचणीला. खरं वापरायचं तेव्हा पत्र्याचं करून घ्या. पेटी उघडायला हे कारण पुरेसं आहे.

खडूफळा, २ सप्टेंबर

नरसाळ्याचे तीन नमुने पुठ्ठ्याचे झाले. तिसऱ्याला पाणी बाहेर उडत नाही, पण भरायला वेळ जास्त लागतो, आणि मजुरी पंपाच्या हिशेबानं असल्यामुळे वेळ वाढला तर कोणी वापरणार नाही, हे पोरांनी स्वतःच वहीत लिहिलं. चौथा नमुना चालू आहे. प्रिंटर साफ करून ठेवला.

ज्या मुलीनं मागच्या वर्षी 'आता याचं काय करायचं' विचारलं होतं ती आता दहावीत आहे, शनिवारी तिचा तास नसतानाही येऊन बसते. तिनं नवंच काढलं: नळी दोन फुटांनी लांब केली तर औषध अंगापासून दूर पडेल, पण हात किती वेळ टिकेल? येत्या शनिवारी बांबूच्या टोकाला पाण्याची बाटली बांधून, वेगवेगळ्या लांबीवर प्रत्येकाचा हात किती मिनिटं तग धरतो ते मोजायचं आहे. तरफेचा धडा पुस्तकात आहेच, तो त्याच दिवशी घेतो.

कानस_रंधा सर, तुम्ही येतो म्हणाला होतात. जमलं तर पोकळ शंकूचं आणि चपट्या पंख्याचं असं एकेक नवं नोझल आणा, आणि तुमच्याकडची एक कडेला शून्य असलेली पोलादी पट्टी. बस सकाळी सव्वासातला फाट्यावर येते, तिथून दोन पोरं सायकल घेऊन उभी राहतील.